ॲन्सेल्मच्या दोन गाड्या

बोळिंजला आमच्या इमारतीच्या मागे ॲन्सेल्म तुस्कानोची वाडी आहे. वाडीत विहिरीजवळ, पत्र्याच्या छपराखाली, एक लहान मोटरसायकल उभी असते. शंभर सीसीची, टू-स्ट्रोक, टाकीचा रंग मूळचा तांबडा. गेल्या काही वर्षांत ती विकत मागायला दोन-तीन जण येऊन गेले. ॲन्सेल्मने ती कोणालाच दिली नाही. एकाने कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "तू ती घेऊन गावोगाव फिरशील आणि लोकं उगाच उभी राहतील." विचारणारा उपनगरातून नवीन आलेला होता. त्याला काही कळले नाही. तो हसून निघून गेला.

आम्ही इथे राहायला आलो ते एक्क्याण्णव साली. ॲन्सेल्म माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, पण ओळख झाल्यावर अहो-जाहो बंद करायला त्यानेच लावले. केळी, अळू, कुंपणाच्या कडेने सोनचाफा अशी त्याची वाडी. बायको आम्ही यायच्या आधीच वारली होती. घरात तो आणि मुलगी ॲनिशा, दोघेच. ॲनिशा तेव्हा शाळेत होती. कुंपणावरून केळ्यांचा फणा देता-घेता आमचे बोलणे वाढले. घरात ही माणसे त्यांच्या बोलीत बोलत, माझ्याशी पुस्तकातल्या मराठीत. पुढे जे बोलणे मी लिहिले आहे ते मला समजले तसे आहे.

ती लहान मोटरसायकल तेव्हा चालू होती. तिचा आवाज पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा होता. आमच्या इमारतीतल्या कोणाला त्यात काही वाटत नसे. गावातली माणसे मात्र तो आवाज आला की हातातले काम थांबवून आधी गाडी कुठे वळते ते पाहत. गाडीला केळ्यांचा घड बांधलेला दिसला की पुन्हा कामाला लागत. याचा अर्थ मला वर्षभराने कळला.

इथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबांचे सोयरे चार-पाच गावांत पसरलेले असतात. घरात मयत झाले की त्या सगळ्यांना माणूस पाठवून कळवायचे, अशी त्यांच्या आळीची पद्धत होती. सांगाव्याचे ते काम तुस्कानोंच्या घराकडे होते. ॲन्सेल्मचे वडील सायकलवरून जात. त्यांच्यानंतर ते ॲन्सेल्मकडे आले आणि शहाऐंशी साली त्याने मोटरसायकल घेतली ती मुख्यतः यासाठीच. या कामाचे कोणी काही देत नसे आणि तो घेतही नसे. वडिलांनी घालून दिलेले नियम होते, तेवढे तो पाळी. पायरीच्या खाली उभे राहायचे. आधी नाव सांगायचे, मग दफनाची वेळ. 'गेला', 'वारला' हे शब्द वापरायचे नाहीत. बसायचे नाही आणि पाणी घ्यायचे नाही. पाणी घेतले की माणूस पाहुणा होतो, आणि पाहुण्याने अशी बातमी आणू नये, असे वडिलांचे म्हणणे होते. स्वतःची बायको वारली तेव्हाही तिच्या माहेरी तोच गेला आणि सासूच्या पायरीखाली उभा राहून नाव आणि वेळ सांगून परत आला. हे मला गावातल्या दुसऱ्या एकाने सांगितले.

बोळिंजमध्ये लोक निदान गाडीला बांधलेली केळी पाहून सुस्कारा सोडत. दुसऱ्या गावांत ॲन्सेल्मचे एरवी काहीच काम नसे. तिथे त्या आवाजाचा अर्थ एकच होता.

भुईगावची मटिल्डा ही मूळची ॲन्सेल्मच्याच आळीतली. दोघे एका वयाचे, लहानपणी एकाच विहिरीवर पाण्याला जाणारे. लग्न होऊन ती भुईगावला गेली. त्र्याण्णव साली सणाला तिचा नवरा सायमन बोळिंजला तिच्या भावाकडे, व्हिन्सेंटकडे, जेवायला आला होता. सकाळीच आला होता आणि मटिल्डा घरचे आवरून दुपारी यायची होती. जेवायच्या आधीच ओट्यावर बसल्या बसल्या तो कोसळला. मटिल्डा घराला कुलूप लावत होती तेव्हा लहान मोटरसायकल तिच्या दाराशी थांबली. ॲन्सेल्मने नाव सांगितले आणि वेळ सांगितली.

पुढे चार-साडेचार वर्षांनी तिचा मुलगा केनी आणि ॲनिशा यांचे जमले. मामाच्या घरी येता-जाता ओळख झालेली होती. दोन्ही घरांत विरोध असा नव्हताच. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत लग्न झाले. लग्नानंतर मटिल्डा ॲन्सेल्मला अहो म्हणू लागली, व्याही म्हणून. ॲन्सेल्मला त्याचे हसू येई. "हिने मला विहिरीत ढकललं होतं, आणि आता म्हणते, अहो बसा," असे त्याने मला एकदा सांगितले.

मुलगी सासरी गेल्यावर ॲन्सेल्मचे घर रिकामे झाले. दर चार-आठ दिवसांनी तो सुकेळ्यांची, म्हणजे उन्हात वाळवलेल्या केळ्यांची, पुडी किंवा अळूची जुडी घेऊन भुईगावला जाऊ लागला. अडचण पहिल्याच फेरीला लक्षात आली. गाडी भुईगावच्या आळीत वळली तशी बायका सूप-परात खाली ठेवून उभ्या राहिल्या. दोघी-तिघी मागून चालू लागल्या, कारण मयत कोणाच्या घरचे ते कळायला हवे होते. मटिल्डाच्या दाराशी तो पोचला तेव्हा त्याच्यामागे दहा-बारा माणसे होती आणि मटिल्डा दाराची चौकट धरून उभी होती. ॲन्सेल्मने सुकेळ्यांची पुडी वर करून सगळ्यांना दाखवली. माणसे परत गेली. एक म्हातारा जाता जाता म्हणाला की पुढच्या वेळी पुडी आधीच डोक्यावर धरून ये.

लोकांना सवय होईल असे त्याला वाटले. आळीतल्या बाकीच्यांना ती थोडीफार झालीही. मटिल्डाला झाली नाही. आवाज आला की ती उठे, चौकट धरे, आणि तो गाडी बंद करून पायरी चढेपर्यंत ती सोडत नसे. मग चहा ठेवायला जाई. हे तीन-चार महिने चालले. एकदा त्याला वाटेपर्यंत सोडायला ती बाहेर आली आणि म्हणाली, "तुम्ही या. रोज या. पण ती गाडी आणू नका. ती आली की माझे पाय जागेवर राहत नाहीत."

ॲन्सेल्मने बरे म्हटले. तो माणूस कमी बोलणारा आहे. घरी येऊन त्याने विहिरीजवळ गाडी लावली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसला, ते मी खिडकीतून पाहिले.

त्यानंतर तो एस. टी.ने जाऊ लागला. मध्ये एस. टी. बदलावी लागे आणि भुईगावच्या थांब्यापासून मटिल्डाचे घर लांब होते. त्याच्या डाव्या गुडघ्याने तोवर कुरकुर सुरू केली होती. सायकलचा विचार त्याने गुडघ्यामुळेच सोडला. वाडीचे पाणी, बाजार आणि एस. टी. यांचा मेळ बसेना. फेऱ्या कमी होत गेल्या. पावसाळ्यात तर महिना-महिना जाणे झाले नाही.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात शत्रुघ्न नावाचा मेकॅनिक होता. तिशीतला, देशावरून आलेला, हाताने चोख आणि तोंडाने मोकळा. ॲन्सेल्मची गाडी त्याच्याकडेच जाई. ॲन्सेल्मने त्याला गाडीचा आवाज बदलून मागितला. आवाज वाढवून मागणारी पोरे शत्रुघ्नकडे रोज येत, पण वेगळा आवाज मागणारे गिऱ्हाईक पहिलेच. त्याने कारण विचारले, ऐकून घेतले आणि सायलेन्सर बदलून दिला. गाडी आता घोगऱ्या आवाजात चालू लागली. ॲन्सेल्म दोनदा भुईगावला जाऊन आला. कोणी उभे राहिले नाही. मटिल्डा अंगणात मिरच्या वाळत घालत होती, ती घालतच राहिली.

मग नोव्हेंबरात आळीत आठवड्याच्या अंतराने दोन मयते झाली. ॲन्सेल्म घोगऱ्या आवाजाची गाडी घेऊन गावे फिरला. त्यांत भुईगावही होते. त्यानंतर तो सुकेळी घेऊन गेला तेव्हा मटिल्डा चौकट धरून उभी होती.

शत्रुघ्न म्हणाला, "काका, मी अजून एक सायलेन्सर टाकून देतो. पण पुढच्या मयताला तो पण बाटणार. तुम्हाला आवाज नाय, दुसरी गाडीच पाहिजे." तो चेष्टेत बोलला होता. ॲन्सेल्मने जुना सायलेन्सर परत बसवून घेतला आणि घरी आला.

फेब्रुवारीत ॲनिशाला दिवस गेल्याचे कळले. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी करणारे बाईमाणूस नव्हते. मटिल्डाने स्वतःच निरोप पाठवला की मुलगी इथेच राहील, मी आहे. ॲन्सेल्मला यात बरेही वाटले आणि अडचणही झाली. मुलगी पोटुशी, घर भुईगावला, आणि त्या घरी त्याची गाडी नको. पुढच्या आठवड्यात तो मनवेलपाड्याला गेला आणि शत्रुघ्नला म्हणाला की दुसरी गाडी बघ, मोठी बघ, जिचा आवाज माझ्या गाडीसारखा मुळीच नसेल.

चांदीपच्या एका निवृत्त हवालदाराची बुलेट शत्रुघ्नकडे विकायला आली होती. साडेतीनशे सीसी, काळी, जपून वापरलेली. शत्रुघ्नने ती सुरू करून दाखवली. आवाज संथ आणि जड होता, एकेक ठोका वेगळा ऐकू येणारा. ॲन्सेल्म गॅरेजपासून चालत लांब गेला, कोपऱ्यावर उभा राहिला, आणि तिथून हात करून त्याने गाडी बंद करायला आणि पुन्हा सुरू करायला सांगितली. असे तीनदा केले. मग परत येऊन घेतो म्हणाला. शत्रुघ्न मला पुढे सांगत होता की बुलेट विकत घेताना तिच्यावर बसूनसुद्धा न पाहणारा माणूस त्याने दुसरा पाहिला नाही.

हवालदाराच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. लहान गाडीवर नेमके उलट. मनवेलपाड्याहून ॲन्सेल्म सावकाश, नीट आला. आळीच्या तोंडाशी आल्यावर तेरा वर्षांच्या सवयीने त्याने थांबण्यासाठी उजवा पाय दाबला. गाडी थांबण्याऐवजी वरच्या गिअरमध्ये गेली आणि फ्रेडरिकच्या अळूत शिरली.

फ्रेडरिक हा ॲन्सेल्मचा चुलतभाऊ, आळीच्या मंडळाचा अध्यक्ष. तो कमरेवर हात ठेवून बाहेर आला. ॲन्सेल्म अळूत बसलेला होता आणि गाडी अजून चालू होती.

"ॲन्सेल्म," फ्रेडरिक म्हणाला, "आज कोणाचा सांगावा? अळूचा?"

हे वाक्य आळीत वर्षभर चालले. मूळ विषय मात्र त्याहून गंभीर होता. बायको गेली, मुलगी दिली, आता पन्नाशीत याला बुलेट सुचली, असे लोक बोलले. फ्रेडरिकने मंडळाच्या बैठकीत वेगळा मुद्दा काढला. लहान गाडी ॲन्सेल्म विकणार नाही आणि सांगाव्याला तीच नेणार, हे त्याला कळले होते. मयताला खटारा आणि मुलीकडे जायला बुलेट, यात आपल्या मेलेल्यांचा मान कुठे राहतो, असे त्याने विचारले. ॲन्सेल्मने एवढेच उत्तर दिले की मयताला ओळखीचा आवाज लागतो. त्याचा अर्थ त्याने फोड करून सांगितला नाही आणि बैठक पुढच्या विषयाकडे गेली.

मला त्याचा अर्थ कळायला अडचण पडली नाही. मी नोकरीत हिशेब लिहिणारा; आम्ही दोन निराळे व्यवहार एका खात्यात घालत नाही. त्याने तेच केले होते.

पायांचा घोळ मात्र महिनाभर राहिला. दोन्ही गाड्या चालवायच्या होत्या, त्यामुळे एकीची सवय मोडून दुसरीची लावून घेणे शक्य नव्हते. शेवटी त्याने तोडगा काढला. बुलेटवर बसताना बूट घालायचे, लहान गाडीवर चपला. पायात बूट असले की पायांना कळते, असे तो म्हणे. काही दिवस चर्चच्या, त्यांच्या बोलीत देवळाच्या, मैदानावर संध्याकाळी त्याने सराव केला. रविवारच्या मिस्सेला तो बुटांत आला की फ्रेडरिक शेजाऱ्याला हळूच सांगे, आज बुलेट आहे, अळू सांभाळा.

भुईगावची पहिली फेरी मार्चमध्ये झाली. ती कशी झाली हे मला ॲनिशाने सांगितले. आवाज आला तेव्हा मटिल्डा ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर करून विचारले, ही कोणाची गाडी. ॲन्सेल्म दाराशी थांबला, गाडी बंद केली, पायरी चढला आणि खुर्चीवर बसला. ॲनिशाने पाणी आणले. ते पिऊन झाल्यावर त्याने आणखी एक भांडे मागितले. मटिल्डाने सूप बाजूला ठेवले नव्हते. ती म्हणाली, "केवढी मोठी गाडी घेतलीत. मी बसायचं ठरवलं तर मला शिडी लागेल."

त्यानंतर तो आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. त्याच्या येण्याने दचकणे राहिले नाही. बुलेटचा आवाज आळीत ओळखीचा झाला. लहान मुले त्या आवाजाने बाहेर धावत येत, कारण सुकेळ्यांतली दोन-चार त्यांनाही मिळत. त्या दोन-तीन महिन्यांत लहान गाडी घेऊन तो एकदा भुईगावला गेला होता, दुसऱ्या आळीत. तो आवाज लांबून ऐकून मटिल्डा उठली, पण आवाज दुसरीकडे वळल्यावर बसली. ॲन्सेल्मला हे कळले तेव्हा त्याला समाधान वाटले असावे. त्याने ते मला दोनदा सांगितले.

मे महिन्यात व्हिन्सेंट वारला.

मटिल्डाचा तो थोरला भाऊ. एकुलता एक. आदल्या दिवशी वाडीत काम करत होता. पहाटे बायकोने हाक मारली तर उठला नाही. दफन त्याच दिवशी पाच वाजता करायचे ठरले. अंगणात माणसे जमली आणि सगळ्यांनी ॲन्सेल्मकडे पाहिले.

लहान गाडी मनवेलपाड्याला होती. पिस्टन जाम झाला होता आणि शत्रुघ्नने इंजिन उघडून ठेवले होते. ती त्या दिवशी मिळणे शक्य नव्हते.

फ्रेडरिकने लगेच मार्ग सुचवला. बुलेट दारात उभी आहे, ती घे. ॲन्सेल्म नाही म्हणाला. मग फ्रेडरिक म्हणाला की फोन करू. मटिल्डाच्या घरासमोरच्या दुकानात फोन आहे, बाकीच्या गावांतही आता कुठे ना कुठे आहे. हे बोलणे वाईट नव्हते. त्याआधी दोन घरांनी तसे केलेही होते. ॲन्सेल्म म्हणाला, बाकीच्यांना करा. उमराळ्याला करा, आगाशीला करा. मटिल्डाला मी सांगतो.

"मग जाणार कसा? उडत?" फ्रेडरिकने विचारले.

ॲन्सेल्मने घरी जाऊन बूट घातले आणि बुलेट काढली.

मी त्या दिवशी घरीच होतो. बुलेट निघताना पाहिली आणि मला वाटले, संपले. दोन महिन्यांत जमवलेले सगळे आज एका फेरीत जाणार. बुलेट दाराशी थांबेल, मटिल्डा हसून पुढे येईल, आणि त्यानंतर जन्मभर तिला त्या आवाजाचीही धास्ती राहील. पुन्हा दुसरी गाडी घेणे त्याला परवडणारे नव्हते आणि तसे करण्यात अर्थही नव्हता.

ॲन्सेल्मने हा विचार माझ्या आधी केलेला होता. त्याने बुलेट वाटेतल्या निर्मळच्या तळ्यापर्यंत नेली. तळ्याच्या पुढे त्या गाडीला लोक ओळखू लागत, त्याच्या अलीकडे नाही. तिथे एका ओळखीच्या फुलवाल्याकडे गाडी लावून तो भुईगावकडे चालत निघाला. ऊन चढले होते. गुडघ्याने रस्त्यातच त्याला दोनदा बसायला लावले.

मटिल्डाने त्याला लांबून पाहिले. गाडीचा आवाज नाही, माणूस लंगडत येतो आहे, पायात बूट. तिला त्यात गंमत वाटली. ती ओट्यावरून म्हणाली, "बूट आहेत म्हणजे बुलेट आहे. कुठे रुसली?" तिने आत हाक मारून ॲनिशाला पाणी आणायला सांगितले आणि खुर्ची पुढे ओढली.

ॲन्सेल्म पायरीच्या खाली उभा राहिला.

मटिल्डाने पुन्हा बसा म्हटले. तो उभाच होता. ॲनिशा भांडे घेऊन बाहेर आली आणि तिने ते बापापुढे धरले. त्याने हात पुढे केला नाही. मटिल्डाने भांड्याकडे पाहिले, मग त्याच्या हातांकडे. मग ती हळूच खाली बसली, त्याच्यासाठी ओढलेल्या खुर्चीवर नाही, जमिनीवर.

"कोण?" तिने विचारले.

"व्हिन्सेंट," ॲन्सेल्म म्हणाला. "आज, पाच वाजता."

ॲनिशा सांगते की तेव्हा समोरच्या दुकानात फोन वाजत होता. तो वाजून वाजून थांबला. मटिल्डा रडली, पण मोठ्याने नाही. थोड्या वेळाने तिने पदराने तोंड पुसले आणि विचारले, "गाडी कुठे ठेवलीस?"

मुलांच्या लग्नानंतर ती त्याला पहिल्यांदाच तू म्हणाली होती.

"निर्मळला."

"तिथून चालत आलास. असल्या गुडघ्याने."

ॲन्सेल्मने मान हलवली. तेवढ्यावरून तिला जे समजायचे ते समजले असावे, कारण तिने पुढे काही विचारले नाही. ती उठली, ॲनिशाच्या हातातले भांडे घेतले आणि पायरी उतरून त्याच्यापुढे धरले.

"सांगायचं ते सांगून झालं," ती म्हणाली. "आता पाणी पी."

तो पाणी प्यायला. वडिलांचा नियम त्याने मोडला तो एवढाच. मला हे सांगताना तो म्हणाला की सांगून झाल्यावर प्यायचे की नाही, याबद्दल वडील काही बोलले नव्हते.

केनी वसईला कामावर होता. त्याला दुकानातून फोन केला, तो परस्पर बोळिंजला येणार होता. ॲनिशाने रिक्षा बघते म्हटले. मटिल्डाने आत जाऊन लुगडे बदलले, बाहेर आली आणि ॲन्सेल्मला म्हणाली की गाडी घेऊन ये, मला भावाकडे ने.

ॲन्सेल्मने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडून वाद घातला. रिक्षाने जा, तो म्हणाला. ही गाडी आजच्या दिवशी या दारात नको. एकदा आली की तुझ्या मनातून जाणार नाही. मग मी इथे कसा यायचा?

मटिल्डा म्हणाली, "ही गाडी न्यायला येते. सांगायला नाही."

तो निर्मळला परत गेला. चालत नाही, दुकानदाराने स्कूटरवर सोडले. बुलेट घेऊन तो आला तेव्हा मटिल्डा ओट्याच्या कडेला उभी होती. शिडी लागली नाही. ओट्यावरूनच ती, इथल्या ख्रिस्ती बायकांच्या नेहमीच्या लाल लुगड्यात, एका बाजूने मागे बसली आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ॲनिशाला शेजारणीजवळ ठेवून दोघे निघाले. बोळिंजच्या आळीत ती बुलेट शिरताना मी फ्रेडरिकच्या बाजूला उभा होतो. व्याही-विहीण एका गाडीवर आलेली पाहून तो काहीतरी बोलायच्या बेतात होता. मग मटिल्डाचे तोंड पाहून पुढे झाला आणि त्याने तिला उतरायला हात दिला.

लहान गाडी पुढच्या आठवड्यात दुरुस्त होऊन आली. तिची कामे हळूहळू कमी झाली. दोन-तीन वर्षांत घरोघर फोन आले, मग मोबाईल आले. फोन न उचलणारे म्हातारे जिथे असत तेवढ्याच घरी ॲन्सेल्म जाई, चपला घालून. नंतर तेही राहिले नाहीत. गाडी पत्र्याखाली आहे ती तेव्हापासून.

ॲनिशाला सप्टेंबरात मुलगी झाली. बाप्तिस्मा ऑक्टोबरात ठेवला. नाव उर्सुला, ॲन्सेल्मच्या आईचे. आम्हा नवरा-बायकोला आमंत्रण होते आणि आम्ही सकाळीच भुईगावला गेलो होतो. अंगणात मांडव होता, चुलीवर इंद्यालाचे, म्हणजे आंबट-तिखट मटणाचे, मोठे भांडे, आणि ओट्यावर मटिल्डासह पाच-सहा बायका फुग्यांचे, म्हणजे तळायच्या गोल पावांचे, पीठ मळत बसल्या होत्या. ॲन्सेल्म केळ्यांचे घड घेऊन मागून येणार होता.

आवाज लांबून येऊ लागला. निर्मळच्या बाजूने, संथ, एकेक ठोका वेगळा. मी मटिल्डाकडे पाहिले. तिचे हात पिठात होते. बोलणे चालू होते, मीठ कमी की जास्त यावर. गाडी आळीत वळली, मांडवाच्या तोंडाशी आली आणि इंजिन चालू असतानाच ॲन्सेल्मने कोणीतरी घड उतरवून घ्या म्हणून हाक मारली.

ओट्यावरची एकही बाई उठली नाही. मटिल्डाने मान वर न करता आत सांगितले, "खुर्ची काढा आणि पाणी द्या. व्याही आले."